नारिंगबहारच्या वासावर

नागपूरला लोक दीक्षाभूमी बघायला जातात, अधिवेशनाला जातात, वाघ बघायला निघालेले वाटेत उतरतात. आम्ही नणंद-भावजय गेलो ते एक अत्तर आणायला. ते अत्तर आता कुणीही बनवत नाही, हे घरातून निघतानाच आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. तरी गेलो. का गेलो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तसा तो होताच म्हणा.

माझी नणंद शालन. मी त्यांना वन्सं म्हणते. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, साठी गाठली, लग्न केलं नाही. स्थळं येत नव्हती असं नाही, पण वन्संना नाही म्हणायचा सराव जबर. एकाचं हसणं खोटं वाटलं, एकाने चहात बिस्कीट बुडवलं आणि ते आत पडलं, एकाला तर कृष्णा कुठे उगम पावते हेच सांगता आलं नाही. मी लग्न करून सांगलीच्या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली आहोत. नवऱ्याशी माझं लग्न झालं खरं, पण माझा सगळा दिवस जातो तो वन्संबरोबर.

मागच्या वर्षी वन्सं ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीला केरळला गेल्या. तिथे मनोहरराव भेटले. नागपूरचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, पत्नीला जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. बसमध्ये गप्पा मारता मारता वन्संनी त्यांना नारिंगबहारची गोष्ट सांगितली. त्या कॉलेजात असताना त्यांच्या वडिलांनी नागपूरहून संत्र्याच्या फुलांचं हे अत्तर आणलं होतं. एवढीशी बाटली वन्संनी पहिली नोकरी लागेपर्यंत पुरवली. तसा वास पुन्हा कधी मिळाला नाही, असं त्या म्हणाल्या. सहल संपली आणि दर रविवारी फोन सुरू झाले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वन्सं पोळ्या लाटत होत्या, मी शेंगा सोलत होते आणि फोन स्पीकरवर होता. मनोहररावांनी एसटीची वेळ सांगावी तसं खणखणीत विचारलं, "लग्न करता काय जी माझ्याशी?"

लाटणं थांबलं. वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या, मी शेंगेकडे. मग वन्सं म्हणाल्या, "नारिंगबहार घेऊन या, मग बघू."

हा नकारच होता. वन्संची एक मैत्रीण पूर्वी नागपूरला जाऊन हात हलवत परत आली होती. अत्तर बनवणारे वारले आणि त्यांच्या मुलांनी फरशीचं दुकान टाकलं, असं तिने सांगितलं होतं. आम्ही निवांत झालो. म्हणजे मी झाले. वन्संचं मला सांगता येत नाही, कारण त्या दिवशी त्यांनी तीन पोळ्या करपवल्या.

आणि जानेवारी उलटता उलटता फोन आला, "होत आलं जी तुमचं नारिंगबहार. रथसप्तमीले या. वहिनींले पण आणा."

वन्सं फोन ठेवून म्हणाल्या, "उषा, आता गं?"

महाल, पहिला दिवस

सांगली ते नागपूर प्रवासाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. वन्सं खिडकीतून नद्यांची नावं सांगत होत्या आणि मी झोपत होते. नागपूर स्टेशनवर मनोहरराव हजर. उंच, ताठ, पांढरा शर्ट, आणि आवाज असा की शेजारच्या फलाटावरच्या माणसानेही वळून बघितलं.

"या जी, या! तरास नाही ना झाला? पयले पोहे, मंग बाकीचं."

पोहे म्हणजे आपले पोहे समजून मी होकार दिला. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. आम्ही सांगलीची माणसं, कोल्हापूरच्या शेजारची, तिखटाचा आम्हाला गर्व. दुसऱ्या घासाला माझा गर्व गळाला आणि चौथ्या घासाला नाक गळायला लागलं. वन्सं मात्र शांतपणे खात होत्या. शाळेत इन्स्पेक्टर आले की त्या असंच बसायच्या.

महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत मनोहररावांचं घर नव्या तीन मजली इमारतीत आहे. खाली ते, वर त्यांच्या थोरल्या भावाची बायको रमावहिनी. स्वयंपाक एकच, रमावहिनींच्या ताब्यात. बाई गोल, हसऱ्या आणि घाईच्या. मला बघताच म्हणाल्या, "तुमी बारीक हाव वं! जेवून राहिल्या नाही काय घरी?" मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बारीक म्हटलं, त्यामुळे त्या मला तिथल्या तिथे आवडल्या. दुपारी त्यांनी पाटवडीचा रस्सा वाढला. त्याचं वर्णन करत नाही, कारण पहिल्या घोटानंतर मला चव, वास, दिशा, काहीच कळेनासं झालं.

अत्तर कुठे आहे, हे वन्संनी दोनदा विचारलं. मनोहररावांनी दोन्ही वेळा तर्जनी ओठांवर ठेवली आणि डोळ्यांनी मागच्या खोलीकडे खुणावलं. रमावहिनींच्या कानावर काही जाऊ द्यायचं नव्हतं. या वयात अत्तर करत बसलाय म्हणून अख्खी गल्ली हसली असती.

इतवारी

संध्याकाळी त्यांनी आम्हाला इतवारीच्या बाजारात नेलं. हातगाड्या, टेंपो, कापडाचे गठ्ठे, भांड्यांचा ठणठणाट आणि त्या सगळ्यात एक बोळ अत्तरांचा. बोळात शिरलो आणि पहिल्याच दुकानातून आवाज आला, "मनोहरभाऊ, याच काय त्या नारिंगबहारवाल्या?"

मग पुढच्या दुकानातून. मग समोरच्या पानवाल्याकडून. मनोहररावांनी गेले दोन महिने या बोळातलं एकही दार ठोठावायचं बाकी ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे वन्संची कीर्ती आमच्या आधीच येऊन पोचली होती. वन्संनी पदर घट्ट ओढून घेतला, पण कान लाल झालेले मी पाहिले.

शेवटी रशीदभाईंचं दुकान. त्यांनी आधी आमच्या कानांत एक एक फाया खोचला. आमच्याकडे लग्नात हाताच्या पाठीवर अत्तर फिरवतात तेवढंच. कानात कापूस घेऊन बसायचं म्हणजे मला सर्दीची आठवण झाली. त्यात दुपारच्या रश्श्याने नाक बंद. रशीदभाई एकेक बाटली पुढे धरत होते, मी "वा!" म्हणत होते आणि मला सगळ्यांना पाटवडीचाच वास येत होता.

त्या दुकानात एक फळी आहे, नुसत्या रिकाम्या बाटल्यांची. बंद पडलेली अत्तरं. गिऱ्हाईकं येतात, बूच काढून हुंगतात आणि परत ठेवतात. आम्ही बसलो होतो तेवढ्यात काळ्या कोटातले एक वकील आले, 'केवडाराजा'ची बाटली उघडून डोळे मिटून उभे राहिले. स्कूटीवरच्या एक बाई आल्या, त्यांना 'रेशमी शाम' पाहिजे होतं. केवडाराजा श्रेष्ठ की रेशमी शाम, यावरून दोघांची जुंपली. वकील म्हणाले, "मॅडम, तुमची ती शाम दुपारपर्यंत उडून जायची!" बाई म्हणाल्या, "आणि तुमचा राजा आला की लोक मच्छरदाणी लावायचे, साहेब!" मध्ये मनोहररावांनी नारिंगबहारचं नाव काढलं आणि मग चारी बाजूंनी कल्ला. न बनणाऱ्या अत्तरासाठी इतकं मनापासून भांडणारी माणसं मी पाहिली नव्हती. हसून हसून माझ्या कानातला फाया खाली पडला.

रशीदभाईंनी फळीच्या टोकाची बाटली काढून वन्संपुढे धरली. चपटी, हिरवट काचेची. वन्संनी ती ओळखली. त्यांनी बूच काढलं, हुंगलं, परत हुंगलं.

"काहीच नाही यात," त्या म्हणाल्या.

"खतम झाला बाई," रशीदभाई म्हणाले. "मनोहरभाऊले मी पहिल्याच दिवशी बोललो. नारिंगबहार बनवणारा गेला, आता दुनियेत कोठी नाही भेटणार. पण हे ऐकून कोणाचं राहिले!"

वन्संचा चेहरा एवढासा झाला. मला वाटत होतं की अत्तर मिळालं नाही तर त्या सुटल्या. पण तो चेहरा सुटका झालेल्या बाईचा नव्हता, आणि तिथे मी पहिल्यांदा घाबरले.

काटोल

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने काटोलला. कंडक्टरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे मनोहररावांना सलाम करत होते आणि ते प्रत्येकाला सांगत होते, "पाहुणे हायेत सांगलीचे." वन्संना बायका-मुलांची रांग मोडून खिडकी मिळाली आणि त्यांनी भूगोलाच्या शिक्षिकेला न शोभेल अशा लबाडीने ती घेतली.

मनोहररावांचे मित्र वसंतराव यांची बाग गावाबाहेर. माझी समजूत अशी की संत्र्याच्या झाडाला संत्री असतात, विषय संपला. तर तिथे एका बागेत झाडं पावसाळ्यात धरलेल्या मृग बहाराच्या फळांनी वाकलेली आणि बांधापलीकडच्या बागेत नुकत्या लागलेल्या आंबिया बहाराची फुलं. पांढरी, जाड पाकळ्यांची, बारीक. आणि वास! माझं नाक त्या सकाळी नुकतंच उघडलं होतं आणि उघडताच हे. मी बांधावर उभी राहून वेड्यासारखी नुसते श्वास घेत होते. चक्कर येईल म्हणून वन्संनी मला दंडाला धरून खाली बसवलं.

वसंतरावांनी तक्रारीची पेटी उघडली. "वहिनी, हा माणूस दोन आठवडे झाले, एक दिवस सोडून पहिल्या गाडीनं येऊन राहिला. माह्या झाडाखाली चादरी टाकतो. झाडाचं फूल तोडू देत नाही म्हणलं मी, फूल तोडलं तं फळ कोठून येईन? तं हा म्हणते, झडलेलंच देजो गा. आता बसते फुलं झडाची वाट पाहत!"

"मंग काय करू?" मनोहरराव म्हणाले. "अट हाय ना."

तिथेच त्यांनी आम्हाला गुपित सांगितलं. जुन्या काळी फुलेल तेल करायचे तशी रीत. पांढरेशुभ्र धुतलेले तीळ घ्यायचे, एक थर तिळाचा, एक थर फुलांचा, डबा बंद. तीळ वास पितात. फुलं कोमेजली की काढायची, ताजी घालायची. तीळ पिऊन तृप्त झाले की घाण्यावर तेल काढायचं. डबा मागच्या खोलीत होता, सकाळीच त्यांनी जुनी फुलं वेचून काढली होती आणि आज न्यायची ती शेवटच्या थराची. परवा घाण्यावर नंबर लागलेला.

मग आम्ही तिघांनीही चादरीभोवती उकिडवे बसून फुलं वेचली. मनोहरराव आणि वन्सं समोरासमोर. एकदा दोघांचा हात एकाच फुलावर गेला आणि दोघांनीही ते सोडून दिलं. मी ते उचलून पिशवीत टाकलं. मी हसत होते, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत होता. एवढं चांगलं असायचं काय कारण होतं या माणसाला? वाईट निघाला असता तर आम्ही दोघी गाडीत बसून त्याची नक्कल करत सांगलीला गेलो असतो. वन्सं गेल्या तर मी कुणाला हाक मारून उठवायचं, भाजीत मीठ जास्त झालं हे कोण सांगणार मला, असे विचार मनात यायला लागले. त्या रडकुंडीवर वसंतरावांच्या घरचं वांग्याचं भरीत आणि भाकरी आली आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुःखात मला भूक लागते.

पुन्हा महाल

परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मनोहरराव पुढे, कडेवरच्या बाळासारखी फुलांची पिशवी सांभाळत, मागे आम्ही. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि वन्संनी माझं मनगट धरलं.

"उषा! उषा, नारिंगबहार!"

त्या ओरडल्याच. आणि खरंच, गल्लीभर वास. गोड, उबदार, संत्र्याच्या फुलांचा. लोक दारांत आले होते. गॅलरीत टॉवेल वाळत घालणारा माणूस टॉवेल हातात धरून थांबला होता. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने विचारत होते, "कोणाचं लग्न हाय बे आज?" स्कूटरवाले स्कूटर बंद करून नाक वर करून उभे होते. वन्सं माझा हात धरून हसत होत्या, अगदी कॉलेजातल्या मुलीसारख्या, आणि मी पण, का ते न कळता.

मनोहरराव हसत नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पिशवी माझ्या हातात कोंबून ते धावत सुटले. पंच्याहत्तर किलोचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता.

आम्ही स्वयंपाकघरात पोचलो तर रमावहिनी भल्यामोठ्या कढईत उलथनं फिरवत होत्या. कढईत तीळ. छान, खमंग, तांबूस झालेले.

"वहिनी!" मनोहररावांनी कढईत डोकावलं. "वहिनी, काहून भाजले जी?"

"काहून म्हणजे? उद्या हळदीकुंकू नाही काय? शेवटचा दिवस, एवढी पाहुणी आली, लाडू नको द्याले? तुमच्या मागच्या खोलीत डबा दिसला, मी म्हणलं भाऊजींनी आठवणीनं तीळ आणून ठेवले. साफ केलेले, धुतलेले. पयल्यांदा काही कामाचं केलं तुमी."

"सगळे?"

"एक दाणा नाही ठेवला. पण भाऊजी, डब्यात उदबत्त्या ठेवल्या होत्या काय तुमी? असा वास मारून राहिले होते! म्हणून जरा जास्तच भाजले. गेला आता बहुतेक."

गेला होता. कढईवर आता फक्त भाजल्या तिळाचा वास. दोन आठवड्यांच्या पहिल्या गाड्या, त्या चादरी, सगळं नारिंगबहार एकदम उठून गल्लीत गेलं होतं आणि टॉवेल वाळवणाऱ्या माणसाला फुकट मिळालं होतं. मनोहरराव ओट्याला टेकून उभे राहिले. एरवी फलाटभर ऐकू जाणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "राहिली जी तुमची अट."

रमावहिनींना काही कळेना. त्या उलथनं धरून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या.

वन्संनी विचारलं, "ते अत्तर बंद झालंय हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी टाळण्यासाठी बोलले, एवढं लक्षात आलं नाही?"

"आलं ना जी."

"मग?"

"तुमाले नाहीच म्हणाचं असतं तं नाही म्हणून फोन ठेवला असता. तुमी अट घातली. मी म्हणलं, गाडी रद्द नाही झाली. उशिरा हाय."

मी वन्संकडे बघितलं. मला वाटलं आता त्या काहीतरी कडक बोलतील. त्यांनी पदर खोचला, रमावहिनींच्या हातून उलथनं घेतलं आणि म्हणाल्या, "गूळ कुठाय? पाक मी करते. हे गार व्हायच्या आत." मग आम्ही चौघांनी लाडू वळले. मनोहररावांचे लाडू ओबडधोबड झाले आणि त्यावरून रमावहिनींनी त्यांना भरपूर चिडवलं. गुपित कळल्यावर तर त्या हसता हसता खुर्चीवरून घसरल्या, मग रडल्या, मग परत हसल्या, आणि मग "अत्तर खाऊ घातलं मी गल्लीले!" असं ओरडून वर-खाली सगळ्यांना सांगून आल्या.

रथसप्तमीचं हळदीकुंकू दणक्यात झालं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या मिळाल्या. सांगलीत आम्ही लाजत एक लाडू घेतो. इथे प्रत्येकीने दोन घेतले आणि एक दाताखाली धरून नाकाने शोध घेतला. "हाव वं, येते थोडासा!" "कोठी येते? काही नाही येत!" असा वाद जेवणापर्यंत चालला. वन्संनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मनोहररावांनीही विचारलं नाही. बिचारे दिवसभर खुर्च्या उचलत होते.

स्टेशन

गाडी सुटायला थोडा वेळ होता. मनोहरराव डब्याच्या दाराशी उभे, आम्ही आत. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"मी म्हणत होतो, फुलं अजून हायेत काही दिवस बागेत. वसंता नाही म्हणणार नाही. नवे तीळ घेतो. या बारी वहिनीले सांगूनच ठेवतो."

ते खरोखर पहिल्यापासून परत सुरू करायला निघाले होते. वन्सं उठून दाराशी गेल्या आणि दांडीला धरून उभ्या राहिल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "अट मागे घेतली मी."

गाडी हलली. मनोहररावांना कळायला वेळ लागला. डबा पुढे गेला, ते होते तिथेच उभे, आणि मग एकदम तो सगळी एसटी स्थानकं गाजवलेला आवाज फलाटावर घुमला, "हाव म्हणल्या! हाव म्हणल्या जी!" हमाल हसले, चहावाल्याने टाळ्या वाजवल्या. वन्सं धडपडत आत येऊन बसल्या आणि तोंडावर रुमाल धरून हसत सुटल्या.

वर्धा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "उषा, तो वास नारिंगबहारचा नव्हता."

"काय?"

"जवळपाससुद्धा नव्हता. ते अत्तर थंड होतं, कडवट होतं. हा गोडमिट्ट होता."

"मग गल्लीत एवढ्याने ओरडलात ते?"

"तो तोच असावा असं मला फार वाटलं गं. ओरडले आणि मगच कळलं मला, किती वाटत होतं ते."

मी आमच्या ह्यांना फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या बहिणीचं लग्न ठरलं. ते म्हणाले, "चांगलं झालं. फार चांगलं झालं. पण मग तू आता दिवसभर बोलणार कुणाशी?"

मी फोन वन्संच्या हातात दिला.